‘बिनविरोध’ या शब्दाची साक्ष : नाशिकच्या १९६३ च्या लोकसभा-पोटनिवडणुकीचें परीक्षण

नाशिक येथें द्वारका या नांवाचा जो चौक आहे, जेथें मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता येऊन मिळतो, त्याच्या आसपास राहणाऱ्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस एक रुमाल दाखविला. रुमालांत पोथ्या नव्हत्या. निवडणुकीचीं हस्तपत्रकें होतीं. या त्रैमासिकाच्या वाचकांस इतक्या अलीकडच्या कागदांविषयीं फारसें कुतूहल नसतें, हें आम्ही जाणतों. परंतु कागद जुना होण्याची वाट पाहत बसणाऱ्या संग्राहकाच्या हातीं अखेर वाळवीचा चुराच लागतो, हा अनुभवहि आपणां सर्वांचाच आहे. स्नेह्यांनीं पत्रकें सालवार लावून ठेविलीं होतीं. १९५२, १९५७ व १९६२ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांचे कागद निघाले. त्यांत काँग्रेसची बैलजोडी होती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती होता. त्यापुढें एक वेष्टन निघालें. त्यावर शाईनें ‘१९६३, पोटनिवडणूक’ एवढेंच लिहिलेलें असून आंत कांहींहि नव्हतें.

“यांतले कागद गहाळ झाले काय?” असें आम्हीं विचारतां स्नेही म्हणाले, “गुरुजी, गहाळ व्हायला ते होतेच कोठें? निवडणूक बिनविरोध झाली. सारें नाशिक एकमुखानें यशवंतरावांच्या पाठीशीं होतें. त्या एकमताचा पुरावा म्हणूनच हें रिकामें वेष्टन मीं जपून ठेविलें आहे.”

रिकामें वेष्टन हा पुरावा होतो काय, आणि होत असल्यास कशाचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्नेह्यांचें मत त्यांच्या एकट्याचें नाहीं. व्याख्यानांत, स्मरणिकांत व गौरवपर लेखनांत ‘बिनविरोध’ हा शब्द ‘एकमतानें’ या शब्दाचा पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो, आणि एक पिढी तसें बोलली कीं दुसरी पिढी तेंच इतिहास म्हणून लिहिते. म्हणून या शब्दाची उलटतपासणी वेळींच होणें इष्ट आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी नमूद करूं. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत नाशिक-मध्य या मतदारसंघांतून काँग्रेसचे कै. गोविंद हरि देशपांडे लोकसभेवर गेले. १९५७ सालीं नाशिकनें कै. भाऊराव कृष्णराव उर्फ दादासाहेब गायकवाड यांस निवडून दिलें. ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, आणि फेडरेशन त्या वेळीं संयुक्त महाराष्ट्र समितींत सामील होतें. १९६२ सालीं ती जागा पुनः देशपांडे यांजकडे आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत चीनशीं युद्ध झालें; संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस पद सोडावें लागलें; आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कै. यशवंतराव चव्हाण यांस पंडित नेहरूंनीं दिल्लीस बोलावून घेऊन तें खातें त्यांच्या हवालीं केलें. हिमालयाच्या मदतीस सह्याद्रि धावला, ही लोकोक्ति त्या प्रसंगाची आहे. १९६३ सालीं नाशिकच्या पोटनिवडणुकींत यशवंतराव बिनविरोध निवडून आले. पुढें १९६७ सालीं ते सातारा मतदारसंघांतून उभे राहिले, आणि १९८४ सालीं निधन होईपर्यंत लोकसभेंत साताऱ्याचेच प्रतिनिधि राहिले.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. यशवंतराव नाशिकचे खासदार होते. तथापि लोकसभेसाठीं यशवंतरावांच्या नांवावर अनुकूल किंवा प्रतिकूल शिक्का मारण्याची संधि नाशिकच्या मतदारांस १९६३ पूर्वीं आली नव्हती, १९६३ सालीं आली नाहीं, आणि त्यानंतरहि आली नाहीं.

आतां पूर्वपक्ष पाहूं; आणि तो दुबळा करून न मांडतां त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडूं. एकमताचे कैवारी तीन हेतु देतात. पहिला असा कीं, परचक्राच्या त्या वर्षीं सारा देश सरकारच्या पाठीशीं उभा होता. तेथें संरक्षणमंत्र्यास विरोध कोण करणार? दुसरा असा कीं, राजकीय पक्ष हे लोकमताचेच मुख होत. ज्या अर्थीं पक्षांनीं लढत दिली नाहीं, त्या अर्थीं लोकांसहि ती नको होती. तिसरा असा कीं, ओझर येथें विमानांचा कारखाना १९६४ सालीं स्थापन झाला, तो यशवंतराव संरक्षणमंत्री असतांना झाला, आणि नाशिककर आजहि त्यांचें नांव कृतज्ञतेनें घेतात. यावरून मूळचें एकमत सिद्ध होतें.

पहिला हेतु तपासूं. परचक्राच्या वर्षीं सारा देश सरकारच्या पाठीशीं होता, हें विधान ज्या ज्या ठिकाणीं मोजून पाहण्याची सोय होती तेथें टिकतें काय? त्याच १९६३ च्या मे महिन्यांत लोकसभेच्या कांहीं पोटनिवडणुका लढविल्या गेल्या. अमरोह्यास आचार्य कृपलानी, फर्रुखाबादेस डॉ. राममनोहर लोहिया व राजकोटास मिनू मसानी असे तिघे विरोधी उमेदवार निवडून आले. जौनपुरास मात्र पंडित दीनदयाळ उपाध्याय पराभूत होऊन काँग्रेसचा उमेदवार विजयी झाला. ऑगस्टांत कृपलानींनीं नेहरू-मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेच्या इतिहासांतील तो पहिला होय. म्हणजे युद्धानें विरोधकांचीं तोंडें मिटलीं होतीं असें नाहीं. उलट युद्धांतील अपयश हाच विरोधाचा मोठा विषय झाला होता. नाशिकचा मतदार अमरोह्याच्या मतदारासारखाच वागला असता, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परिस्थिति निराळी होती, आणि उमेदवारहि निराळा होता. यशवंतराव अपयशानंतर पद स्वीकारणारे होते, अपयशाचे धनी नव्हते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘त्या वर्षीं विरोध संभवतच नव्हता’ हा हेतु व्यभिचारी आहे; जेथें साध्य नाहीं तेथेंहि तो आढळतो.

दुसरा हेतु अधिक विचारार्ह आहे. १९५७ सालीं यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्याच पक्षाच्या विरुद्ध नाशिकनें समितीच्या बाजूचे दादासाहेब गायकवाड निवडून दिले. हे दादासाहेब कोण? १९३० सालीं पंचवटींतील काळारामाचें दार अस्पृश्यांस उघडावें म्हणून जो सत्याग्रह झाला, त्याचे अग्रणी. ज्या गांवानें त्यांस देवळाच्या दारांत अडविलें, त्याच गांवाच्या मतदारसंघानें सत्तावीस वर्षांनीं त्यांस संसदेंत धाडिलें. नाशिकच्या अर्वाचीन इतिहासांत याहून मोलाचा मतपेटीचा कौल दुसरा क्वचितच असेल. पांच वर्षांनीं, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य होऊन मुख्य गाऱ्हाणें दूर झाल्यावर, कौल फिरला. दोन्ही वेळां मतांची मोजदाद झाली. म्हणून दोन्ही वेळां आपणांस ‘नाशिकनें असें म्हटलें’ असें लिहिण्याचा अधिकार आहे.

१९६३ सालीं तो अधिकार नाहीं. रिंगणांत दुसरा उमेदवार उरला नाहीं, ही गोष्ट राजकीय पक्षांच्या व पुढाऱ्यांच्या वर्तनाची साक्ष देते. मतदारांच्या मनाची नव्हे. वकिलानें दावा दाखल केला नाहीं, एवढ्यावरून अशिलाचें कांहीं म्हणणें नव्हतें असा निवाडा कोणताहि न्यायाधीश देणार नाहीं. वकिलाचें मौन हें वकिलाचें असतें. नुकत्याच झालेल्या लढ्याची स्मृति ताजी असतां विरोधकांनीं संरक्षणमंत्र्याची वाट मोकळी ठेविली, यांत औदार्य असेल, धोरण असेल, पराभवाची खात्री असेल, किंवा तिन्ही थोडथोडीं असतील. इतिहासकारानें त्याचा अवश्य शोध घ्यावा. तो स्वतंत्र व मोठा विषय आहे. परंतु पुढाऱ्यांचें कृत्य मतदारांच्या नांवें जमा करणें हा हिशेबांतील खोटेपणा होय.

तिसऱ्या हेतूबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. मिग विमानांच्या निर्मितीसाठीं सोव्हिएट रशियाशीं करार होऊन नाशिक, कोरापुट व हैदराबाद अशा तीन ठिकाणीं काम वांटलें गेलें; त्यांतील विमानाच्या सांगाड्याचें काम नाशिकच्या वांट्यास आलें. त्यायोगें जिल्ह्याचें रूप पालटलें, आणि त्याबद्दलची कृतज्ञता खरी आहे. परंतु १९६४ चें कार्य १९६३ च्या कारणाचा पुरावा होत नाहीं. मागाहून उपजलेली कृतज्ञता पूर्वीच्या तारखेनें नोंदविणें म्हणजे दस्तऐवजावर मागील मिति घालणें. आणि तशा दस्तऐवजास आपण संग्राहक काय म्हणतों हें सांगावयास नको.

येथवर खंडन झालें. आतां मूळ प्रश्न : जेथें विरोधी मत आढळत नाहीं तेथें विरोध नव्हता असें म्हणतां येतें कीं नाहीं? आपल्या शास्त्रकारांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडवून ठेविला आहे. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानलें. भूमीवर घट दिसत नाहीं, यावरून तेथें घट नाहीं हें ज्ञान होतें. परंतु त्यांनीं तेथें एक अट घातली : ती अनुपलब्धि योग्य असली पाहिजे. म्हणजे, घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिति तेथें असली पाहिजे. उजेड असून घट दिसला नाहीं, तर घट नाहीं. अंधार असून घट दिसला नाहीं, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. घट असेल किंवा नसेल.

मतदान हा दिवा आहे. १९६३ सालीं तो नाशिकांत लागलाच नाहीं. आणि तो न लावण्यांत कोणाचा अपराधहि नव्हता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याच्या ५३ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, उमेदवारांची संख्या जागांहून अधिक असेल तर मतदान घ्यावें. ती जागांइतकीच असेल तर निवडणूक अधिकाऱ्यानें त्यांस तात्काळ निवडून आल्याचें जाहीर करावें. म्हणजे कायदाहि ‘सर्व मतदार अनुकूल आहेत’ असें म्हणत नाहीं. विचारण्याचें कारण उरलें नाहीं, इतकेंच म्हणतो. आम्ही मात्र कायद्याच्या मौनास आपल्या पदरचें वाक्य जोडतों. हा प्रकार इतिहासजमा झालेला नाहीं. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकींत सुरतेची जागा अशीच बिनविरोध ठरली. ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ असें म्हणण्याची सोय मतदारास २०१३ पासून मिळाली असूनहि, मतदानच न झाल्यानें ती तेथें वापरतां आली नाहीं.

कोणी म्हणतील, आंकड्यांवर एवढा विश्वास कशास? आंकडा असला म्हणजे सत्य सांपडलें असें थोडेंच आहे? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें परदेशीं जावें लागेल. तुर्कस्तानांत १९२३ पासून रिपब्लिकन पीपल्स पक्षाची एकहातीं सत्ता होती. अनेक सार्वत्रिक निवडणुका अशा झाल्या कीं, तींत दुसरा पक्ष नव्हता. शिवाय मतदार प्रतिनिधि निवडीत नसून, प्रतिनिधि निवडणारे मध्यस्थ निवडीत. या काळास कोणी ‘एकमताचा काळ’ म्हटलें असतें तर त्यास खोडून काढण्यास कागद मिळाला नसता. मग २१ जुलै १९४६ रोजीं अनेक पक्षांची पहिली थेट निवडणूक झाली. तींत मत उघडपणें द्यावयाचें व मोजणी मात्र गुप्तपणें करावयाची, अशी उलटी पद्धति होती; आणि मोजणीनंतर मतपत्रिका नष्ट करण्यांत आल्या. ४६५ जागांपैकीं नव्या डेमोक्रॅट पक्षास साठांच्या आसपास जागा मिळाल्याचें जाहीर झालें. त्या निकालाविषयींचा संशय तुर्की इतिहासकारांनीं आजवर सोडलेला नाहीं. १९५० च्या फेब्रुवारींत कायदा बदलून मत गुप्त व मोजणी उघड अशी व्यवस्था झाली, आणि देखरेख न्यायाधीशांकडे आली. त्याच वर्षीं १४ मे रोजीं मतदान झालें, आणि सत्तावीस वर्षें राज्य करणारा पक्ष मोठ्या बहुमतानें पराभूत झाला. इस्मत इनोनू यांच्या जागीं जलाल बायार राष्ट्राध्यक्ष झाले, व अदनान मेंदेरेस पंतप्रधान.

या दाखल्याचा अर्थ सावधपणें घेतला पाहिजे. १९६३ च्या नाशिकची तुलना एकपक्षीय राजवटीशीं करणें अन्यायाचें होईल. नाशिकांत उमेदवारी अर्ज भरण्यास कोणास मनाई नव्हती. साम्य आहे तें केवळ प्रमाणाच्या बाबतींत. दिवा नसतां जें दिसत नाहीं तें नाहींच असें मानणारा मनुष्य १९४५ सालीं तुर्कस्तानाविषयीं जें लिहिता, तें १९५० सालीं त्यासच खोडावें लागतें. तसेंच, आंकडा असूनहि तो कसा जमला हें पाहिल्यावांचून तो स्वीकारूं नये, हें १९४६ शिकवितें. एक दिवा न लागलेला, दुसरा धुराडा. दोहोंपुढें परीक्षकानें सारख्याच संशयानें उभें राहिलें पाहिजे.

आपल्याकडील मोजलेल्या निवडणुकांचे कागद तरी कसे आहेत, हें हस्तलिखितांच्या परीक्षकांस मौजेचें वाटेल. १९५२ व १९५७ सालीं प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, आणि तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतपत्रिकेवर उमेदवाराचें नांव नसे, व मतदारासहि तीवर कांहीं खूण करावयाची नसे. ती त्यानें पाहिजे त्या पेटींत टाकावयाची. म्हणजे तेव्हांची मतपत्रिका पेटींतून बाहेर काढली कीं मुकी झाली; साक्ष पेटीची, पत्रिकेची नव्हे. पोथीचें पान बाडांतून सुटलें कीं त्याचा संदर्भ जातो, तसाच हा प्रकार. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत नांवें व चिन्हें छापलेली पत्रिका आली व मतदार तीवर खूण करूं लागला; तेव्हांपासून पत्रिका बोलूं लागली. पण ती बोलते तीहि थोडाच काळ; ठराविक मुदतीनंतर वापरलेल्या पत्रिका नष्ट कराव्यात असाच नियम आहे. म्हणून राहतात ते छापील अहवालांतील आंकडे, आणि आमच्या स्नेह्यांच्या रुमालासारखे खाजगी संग्रह.

मग १९६३ विषयीं कांहींच लिहूं नये काय? पुष्कळ लिहितां येईल. मात्र जें ज्याचें आहे तें त्याच्या नांवें लिहावें. ‘बिनविरोध’ या एका शब्दाच्या पोटांत तीन निरनिराळे प्रकार दडलेले असूं शकतात : दुसरा अर्जच आला नाहीं, आला पण छाननींत बाद झाला, किंवा ग्राह्य ठरला पण मागें घेतला गेला. फल एकच असलें तरी तीन प्रकारांची साक्ष सर्वस्वीं भिन्न आहे. पहिल्यांत संयम असूं शकतो, दुसऱ्यांत अनवधान, तिसऱ्यांत समजूत किंवा तडजोड. म्हणून जो कोणी या विषयावर लेखणी उचलील त्यानें उमेदवारांच्या याद्या, छाननीच्या व माघारीच्या नोटिसा आणि राजपत्रांतील जाहीरनामा हे प्रथम पाहावे. त्यानंतर ‘गांवकरी’सारख्या स्थानिक पत्रांचे त्या वर्षींचे अंक, पक्षांच्या बैठकांचीं टिपणें, आणि पुढाऱ्यांचा खाजगी पत्रव्यवहार. स्मरणिकांतील विशेषणें सर्वांत शेवटीं. आणि तींहि लिहिणाऱ्याच्या काळाचा पुरावा म्हणून, वर्णिलेल्या काळाचा म्हणून नव्हे.

एक साधन मात्र वाट पाहणार नाहीं. त्या वेळीं मताधिकाराचें वय एकवीस होतें. तें अठरा झालें १९८९ सालीं. म्हणजे १९६३ सालीं ज्यांचें नांव नाशिकच्या यादींत होतें, त्यांतील अगदीं धाकट्यानेंहि आज ऐंशी ओलांडली आहे. ‘तुम्ही कोणास मत दिलें असतें?’ हा प्रश्न त्यांस विचारूं नये. साठ वर्षांनंतरचें त्याचें उत्तर कल्पनेचें असणार. विचारावें तें असें : निवडणूक आहे हें तुम्हांस कधीं कळलें? मतदान होणार नाहीं हें कोणी सांगितलें? तेव्हां गल्लींत, बाजारांत, तालमींत लोक काय बोलले? सहा वर्षांपूर्वीं हत्तीस मत देणाऱ्या घरांत त्या दिवशीं काय बोलणें झालें? हीं उत्तरें लेखी टिपून, सांगणाराचें गांव व वय नोंदवून ठेविलीं, आणि ती वही एखाद्या सार्वजनिक संग्रहांत, शक्य तर १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेंत ठेविली, तर पुढील अभ्यासकाचा दुवा मिळेल. वर्षां-दोन वर्षांचा विलंबहि येथें परवडणार नाहीं.

यशवंतरावांच्या थोरवीस या लेखानें उणेपणा येतो असें कोणास वाटूं नये. कठीण समयीं पद स्वीकारून त्यांनीं जें काम केलें त्याचा पुरावा अन्यत्र विपुल आहे; त्यास नाशिकच्या न झालेल्या मतदानाच्या टेकूची गरज नाहीं. आणि जे उलट बाजूनें ‘लोकांचा विरोध होता, तो दाबला गेला’ असें सूचित करतात, त्यांसहि आमचें हेंच उत्तर आहे. अंधारांत घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं, तसें घट आहे असेंहि म्हणतां येत नाहीं. आमचा आग्रह आहे तो मतदारांसाठीं. ज्यांस विचारलें गेलें नाहीं त्यांच्या तोंडीं उत्तर घालण्याचा हक्क इतिहासकारास नाहीं, मग तें उत्तर कितीहि गोड असो. तसें केलें म्हणजे ज्या वर्षीं त्यांनीं खरोखर उत्तर दिलें, त्या १९५७ चें व १९६२ चें मोलहि आपण कमी करतों. कारण दिलेलें मत व न दिलेलें मत एकाच भावानें विकलें जाऊं लागतें.

आम्हीं हें सारें स्नेह्यांस सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “तर हें वेष्टन टाकून देऊं?” आम्हीं म्हटलें, मुळींच नाहीं, रुमालांतील सर्वांत जपून ठेवण्याजोगा कागद हाच आहे, फक्त त्यावरील मजकूर अपुरा आहे. त्यांनीं लेखणी घेतली, आणि ‘१९६३, पोटनिवडणूक’ या शब्दांखालीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें : ‘मतदान झालें नाहीं.’